करीच्या दिवशीचा ड्रोन

"आला गं तुझा पाहुणा," कुसुमआत्या म्हणाली.

मी मान वर केली. गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या वर तो काळा ठिपका थांबला होता. समोरच्या गच्चीवर हलकडीवाले जीव खाऊन वाद्यं बडवत होते, पलीकडे कुणीतरी लाउडस्पीकर लावला होता, तरी मला त्याची घरघर ऐकू आल्यासारखी वाटली. वर्षभर मी तीच ऐकत होते.

"येऊ दे. अजून जवळ येऊ दे," मी म्हणाले.

"तो काय जेवायला येतोय का, पाट मांडून बसली ती." आत्यानं आसारी पोटाशी घट्ट धरली. "हवा बघ आधी. मावळतीकडून आहे."

आसारी म्हणजे आमच्या येवल्याची मांजा गुंडाळायची लाकडी चक्री. ती धरणारा पतंग उडवणाऱ्याच्या मागे उभा राहतो. उडवणाऱ्याचे डोळे आभाळात असतात, त्यामुळे त्याचे पाय कुठे चाललेत ते आसारी धरणाऱ्यानं बघायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. दुकानं बंद, माग बंद. कुणाच्या घरी मयत झालं तरी लोक खालून आवाज देतात आणि वरचा माणूस म्हणतो, एवढा पेच होऊ द्या.

आदल्या वर्षी करीच्याच दिवशी माझे वडील याच गच्चीवरून खाली पडले होते.

अण्णा भाकरे म्हणजे पैठणी विणणारा माणूस. मागावर बसले की मान वर करायचे नाहीत आणि संक्रांतीला गच्चीवर चढले की मान खाली करायचे नाहीत. त्यांचा पतंग कापला गेल्याचं मी फारसं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी खाली गूळपोळ्या करत होते. वर आसारी माझ्या भावाकडे, विलासकडे होती. मला डोक्यावरून ड्रोन गेल्याचा आवाज आला, मग धप्पकन काहीतरी पडल्याचा. धावत मागच्या बोळात गेले तर अण्णा फरशीवर होते. वर पाहिलं तेव्हा ड्रोन उंच उंच निघून चालला होता.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय मागाच्या पावड्यांवर पुन्हा बसला नाही. हे एक वेळ मी सोसलं असतं. पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की अण्णा पिऊन वर चढले होते. आमचे अण्णा. लग्नात शेजारच्या पंगतीला कुणी झोकून आलेला बसला तर पान सोडून उठणारा माणूस. बोळातून जाताना पोरं आमच्या दारासमोर मुद्दाम झोकांड्या खाऊन दाखवायची. अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मंडळातल्या त्र्यंबकमामांनी निरोप पाठवला की त्यांना आराम करू द्या, आम्ही दुसरा माणूस बघितलाय. अण्णांनी तो निरोप ऐकला, 'बरं' म्हणाले आणि पेटी कपाटावर ठेवायला सांगितली. त्या दिवसापासून मी सूड घ्यायचा ठरवला. सूडच म्हणते, न्यायबिय म्हणत नाही.

गावात ड्रोन एकाच माणसाकडे होता. केदार उंबरकर, कापडाच्या दुकानदाराचा एकुलता एक. पुण्याला शिकून आला होता, विलासच्या वर्गातला. हौस म्हणून ड्रोन उडवायचा, वरून गाव, शेतं, लग्नाच्या वराती टिपायचा आणि स्वतःच्या चॅनलवर टाकायचा. मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो दुकानात गादीवर बसला होता.

"करीला मी उडवलाच नव्हता," तो म्हणाला. "बॅटरी खराब होती."

"मी पाह्यला."

"घार पाह्यली असेल."

दारूची अफवाही यानंच उठवली असणार, असं मी तिथेच, दुकानाच्या पायरीवर ठरवून टाकलं. स्वतःची मान सोडवायला दुसरं काय करणार.

पोलीस ठाण्यात ढिकले हवालदार होते. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. "ड्रोन किती वजनाचा, नंबर काय, कुणी पाह्यला, काहीच नाही तुझ्याकडं," ते म्हणाले. "घरघर ऐकली यावर मी काय लिहू? वस्तू हातात आण. मंग बघू."

वस्तू हातात आण. हे मी मनात नीट ठेवून दिलं.

मी तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचं काम करत होते. गिऱ्हाईक नसलं की ड्रोनचे नियम वाचायचे. पाव किलोपेक्षा जड असेल तर नोंदणी करायची आणि मिळालेला नंबर त्याच्या अंगावर लावायचा. उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचा. गर्दीवर परवानगीशिवाय न्यायचा नाही. वाचून वाचून माझं ते पाठच झालं. मधल्या काळात केदारनं नवा, मोठा ड्रोन घेतला, त्याची रीतसर नोंदणी केली आणि चॅनलवर तो नंबर दाखवून 'आता सगळं कायदेशीर' असं मिरवलं. मी मनात म्हटलं, लाव बाबा नंबर, चांगला ठळक लाव. संक्रांतीच्या आधी पोलिसांनी चौकात फलक लावला, तीन दिवस नायलॉन मांजा आणि ड्रोन दोन्हींवर बंदी. पण केदारला सगळं गाव आभाळात असताना घरात बसवलं असतं तर तो आजारी पडला असता.

म्हणून मी करीच्या दिवशी लाल ओढणी घेऊन गच्चीवर उभी होते. पतंग उडवणारी मुलगी दिसली की हा जवळ येणार, हे त्याच्या चॅनलवरून दिसतच होतं. तसलेच व्हिडिओ जास्त चालायचे त्याचे.

ड्रोन टाकीवरून निघाला. दोन गच्च्यांवर थांबला, तिथल्या पोरांनी हात हलवले. मग आमच्याकडे वळला.

"हेमा, खाली ये," जिन्यातून विलासचा आवाज आला. "अण्णांना बरं वाटत नाहीये."

"मघाशीच दीड पोळी खाल्ली त्यांनी."

"तू ये ना खाली. काय नादाला लागली." तो वर आला. ड्रोन बघून त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, मित्राच्या वस्तूची काळजी. त्याची नुकतीच सुपारी फुटली होती, मनमाडची मुलगी होती, चैत्रात लग्न. त्याला गावात कुणाशी वाकडं नको होतं. "केदार चांगला आहे गं. जाऊ दे ना झालं गेलं."

"तुझे वडील पडले की माझे एकटीचे?"

"बाजूला हो रे," आत्या त्याला म्हणाली. "आसारीच्या मधी येऊ नको."

माझा पतंग ड्रोनच्या बराच वर होता. मांजा अण्णांचा, सुती, आदल्या वर्षी त्यांनी स्वतः सुतलेला. नायलॉननं काम सोपं झालं असतं, पण मग केदारलाही माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं. मी तो आमच्या गच्चीच्या मधोमध येईपर्यंत थांबले. खाली रस्त्यावर माणसं होती. मला कुणाचं डोकं फोडायचं नव्हतं, केदारचं नाक कापायचं होतं.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. कॅमेऱ्याचा डोळा माझ्याकडे होता. मी त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा.

"ढील," मी म्हणाले.

आत्यानं आसारी सैल सोडली. मांजा झोल खाऊन खाली आला आणि बरोबर त्याच्या पंखांवर आडवा पडला. मी एक खेच दिली. पंखांनी मांजा गपागप गुंडाळून घेतला, घरघर किरकिरी झाली, ड्रोन कलंडला आणि गच्चीवर वाळत टाकलेल्या गोधडीवर आपटला. समोरच्या गच्चीवरून "वक्काट" अशी आरोळी उठली. कुणाला काय कापलं ते कळलंही नव्हतं, पण येवल्यात काही खाली आलं की लोक ओरडतात.

मी ड्रोन उचलला. पोटावर नंबर होता. चांगला ठळक.

"दे इकडं, मी त्याला देऊन येतो," विलास म्हणाला. त्यानं हात पुढे केला होता.

"तो येईल की मागायला."

केदार आला. चपला काढून, नमस्कार करून आत आला. खालच्या खोलीत एका बाजूला अण्णांचा माग, त्याच्यावर चादर टाकलेली, आणि दुसऱ्या बाजूला त्यांची खाट. अण्णा उशीला टेकून बसले होते. मी ड्रोन मांडीवर घेऊन मागाच्या कडेला बसले. आत्या दारात उभी राहिली, आणि विलास तिच्या मागे.

"हेमा, महागाची वस्तू आहे ती," केदार म्हणाला. "चुकून आला तुमच्याकडं."

"मागच्या वर्षीही चुकून आला होता?"

त्यानं ड्रोनला हात घातला, मी तो मागे ओढला.

"हे बघ," मी म्हणाले. "नंबर तुझा आहे. बंदी असताना उडवला, गर्दीवर उडवला. इथून ठाणं काही लांब नाही. नाहीतर एक कर. वर गच्चीवर चल आणि पलीकडच्यांचा माइक घेऊन सांग, की गेल्या वर्षी माझा ड्रोन यांच्या अंगावर आला म्हणून अण्णा पडले. दारूचं मी उठवलं. एवढं बोल आणि घेऊन जा."

"दारूचं मी उठवलं?" केदारनं विलासकडे पाहिलं.

"केदार, नको," विलास म्हणाला.

"नको काय नको? माझं पासपोर्टचं काम चालू आहे, पोलिसांची चौकशी व्हायची आहे अजून. मी एकटाच का म्हणून मरू?" त्यानं खिशातून फोन काढला. "मला डिलीट कर म्हणाला होता हा. मी केला नाही. बघ तूच."

अण्णा म्हणाले, "केदार, ठेव तो फोन."

पण मी तोवर तो घेतला होता.

वरून दिसणारी आमची गच्ची. पांढऱ्या सदऱ्यातले अण्णा, दोन्ही हात मांज्यावर, नजर वर. त्यांच्या मागे विलास आसारी घेऊन उभा. मग त्याला ड्रोन दिसतो. तो आसारी खाली ठेवतो, पुढे येतो, केसांवरून हात फिरवतो आणि दोन्ही हात हलवायला लागतो. कॅमेरा त्याच्या जवळ जातो. त्याच्या मागे अण्णा मांजा खेचत एक पाऊल मागे येतात, मग अजून एक. त्या बाजूला कठडा नव्हता. कोपऱ्यात अण्णा होते, मग नव्हते. विलास अजून हात हलवतच होता, हसत.

ड्रोन त्यांच्या अंगावर आलाच नव्हता.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. मग विलासकडे पाहिलं.

"डॉक्टर विचारत होते ना, कसे पडले," तो म्हणाला. "मला काही सुचलंच नाही. तोंडातून गेलं, थोडी घेतली होती म्हणून. मला काय माहीत, तिथं गल्लीतलं कुणी उभं आहे."

"आणि नंतर? वर्षभर?"

तो रडायला लागला. आत्यानं त्याच्याकडे न बघता पदर तोंडाला लावला.

"बंद कर गं ते," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला कळतंय का, यानं काय केलं?"

"मला तेव्हाच कळलं होतं. आसारी खाली ठेवली की मांजा हाताला वेगळा लागतो. मी वर बघत होतो म्हणून काय झालं." ते सावकाश बोलत होते, मागावर एखादा धागा तुटला की बोलायचे तसं. "आणि डॉक्टरशी काय बोलला तेही ऐकलं. मी शुद्धीवर होतो."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? पोरानं बापाला पाडलं म्हणू? हा जन्मभर त्या नावानं फिरला असता. माझं काय, मी खाटेवर. मला कुठं मिरवायचंय आता."

वर्षभर मी ज्यांच्यासाठी दात-ओठ खात होते, त्यांना सगळं माहीत होतं. दारासमोर पोरं झोकांड्या खायची तेव्हा ते आतून बघत होते आणि विलासला 'जेवलास का' विचारत होते. मला राग कुणाचा आला ते आज सांगता येत नाही. पण आला.

"हा मला पाठव," मी केदारला म्हणाले.

"मंग ड्रोन देशील?"

"देईन."

त्यानं पाठवला. माझा फोन वाजला. गल्लीचा एक ग्रुप होता, संक्रांतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं त्यावर चालायचं. मी तो उघडला.

"हेमा," अण्णा म्हणाले. "गल्लीत जाता कामा नये हे. त्याची सुपारी फुटली आहे. लोक मुलगी देणार नाहीत."

"तुम्हाला मिरवायचं नसेल. मला मिरवायचंय."

"मी सांगतोय तुला."

"ताई, पाया पडतो," विलास म्हणाला. मी त्याच्याहून लहान होते. त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा ताई म्हटलं.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले होते. ज्या हातांनी मला पेच लढवायला शिकवलं ते हात. मी व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'अण्णा कसे पडले ते बघा. दारू कुणी पाजली तेही याला विचारा.' आणि पाठवला.

थोड्या वेळानं समोरची हलकडी थांबली.

केदारनं हात पुढे केला. मी ड्रोन पिशवीत घातला आणि चपला घालून रस्त्याला लागले. तो मागे धावत आला.

"तू शब्द दिला होतास."

"तूही दिला होतास की, बॅटरी खराब होती म्हणून."

ढिकले हवालदार ठाण्यात पतंगाच्या गोष्टी ऐकत बसले होते. मी पिशवी टेबलावर ठेवली. "वस्तू आणली," मी म्हणाले. त्यांनी नंबर पाहिला, फोनवर व्हिडिओ पाहिला. ड्रोन जप्त झाला, केदारवर केस झाली. त्याचा पासपोर्ट लांबला. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यानं उडवला नसता तर विलास कुणाला हात हलवून दाखवणार होता?

त्या संध्याकाळी आमच्या घरी रांग लागली. लोक तिळगूळ घेऊन आले. ज्यांच्या पोरांनी झोकांड्या खाल्ल्या होत्या ते पोरांना धरून घेऊन आले. "अण्णा, आमचं चुकलं," म्हणाले. त्र्यंबकमामा आले आणि खाटेच्या पायथ्याशी बसून लहान मुलासारखे रडले. अण्णांनी प्रत्येकाच्या हातून तिळगूळ घेतला. विलास कोपऱ्यात होता. त्याला त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात वडी घातली.

सगळे गेल्यावर मी वाटी घेऊन पुढे झाले.

अण्णांनी वाटीकडे पाहिलं. मग आत्याला म्हणाले, "तिला सांग, मला आता झोपायचंय."

मनमाडचं लग्न मोडलं. विलास सुरतेला गेला, यंत्रमागावर. भजनी मंडळवाले दर गुरुवारी अण्णांना खुर्चीत बसवून उचलून न्यायचे आणि पेटीपुढे ठेवायचे. जाताना मी त्यांचा सदरा नीट करायचे, ते करू द्यायचे. पण जे काही असेल ते आत्याला सांगायचे. तिला सांग, चहा पुरे. तिला सांग, उशी उंच झाली. आत्या सुरुवातीला चिडायची. "तोंड आहे ना तुला, तूच सांग की पोरीला." ते हसून दुसरंच काही बोलायचे. पुढे तीही थकली आणि निरोप पोचवायला लागली. आत्या भाजी आणायला गेलेली असली तर ते तहान लागली तरी गप्प राहायचे, आणि मी न विचारता पाणी नेऊन ठेवायचे. असं किती वर्षं चाललं ते मी मोजत नाही. शेवटच्या दुखण्यातही ते माझ्याशी बोलले नाहीत.

लोक मला विचारतात, एवढं करून काय मिळालं. मी सांगते.

अण्णांच्या दहाव्याला सगळी गल्ली घाटावर आली होती. विलास सुरतेहून आला होता, डोकं भादरून उघड्या अंगानं बसला होता. कावळा शिवला आणि माणसं हातपाय धुवायला उठली, तेव्हा त्र्यंबकमामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं हो या माणसाला. असा निर्व्यसनी माणूस आमच्या मंडळात दुसरा झाला नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. विलासनं हलवली नाही. तो खाली पाण्याकडे बघत होता. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि नजर काढली नाही. हळूहळू बाकीचेही त्याच्याकडे बघायला लागले.

शेवटी त्यानंही मान हलवली. मग मी पाय धुतले.